मॉडेलमधली लाल घरं

सिद्धेश्वर धरणाच्या पाण्यापासून थोडं वर, उतारावर बंजाऱ्यांचा एक तांडा आहे. लालसिंग नायकाचा तांडा. तिथून हाक मारली तर गावातल्या जिल्हा परिषद शाळेत ऐकू जाते, आणि शाळेची घंटा तर तांड्याची घड्याळंच जुळवून देते. त्या शाळेत विज्ञान शिकवणारा विकास आडे हा याच तांड्यातला. गावात त्याला विकास सर म्हणतात. तांड्यात मात्र तो अजून हिरासिंगचं पोरगंच आहे.

हिरासिंग ऊसतोडीला जायचा. त्या काळी दसरा झाला की तांडा रिकामा व्हायचा. म्हातारी माणसं, कोंबड्या आणि कुलपं तेवढी मागं राहायची. विकास तिसरीत असताना त्यालाही असंच नेलं होतं. फडातल्या कोपीत, तोडकऱ्यांच्या झोपडीत, तो पाचटावर बसून बहिणीला झोके देत असायचा. तिथं एक दिवस शाळेतले व्यंकटराव गुरुजी येऊन उभे राहिले. दोन एसट्या बदलून, विचारत विचारत, धोतरभर धूळ घेऊन आलेले. त्यांनी हिरासिंगला सांगितलं की ऊस तोडायला तुझे हात पुरेसे आहेत, पोरगं मला दे.

हिरासिंगनं दिलं. त्या हंगामात आणि पुढच्या कितीतरी हंगामांत विकास गुरुजींच्या घरी राहिला. रुख्मिणीबाई, म्हणजे गुरुजींच्या पत्नी, दोन ताटं शेजारी शेजारी वाढायच्या. एक त्यांच्या ओमप्रकाशचं, एक विकासचं. दूध कमी असलं तर दोघांनाही कमी. ओमप्रकाश परीक्षेत विकासचं बघून लिहायचा आणि विकास खेळताना ओमप्रकाशच्या चपला घालायचा, असा तो सगळा मामला होता. पुढं विकास बीएस्सी झाला, बीएड झाला, नोकरीला लागला. पहिला पगार झाल्यावर त्यानं आईच्या आधी गुरुजींच्या पाया पडून घेतलं. आईलाही ते बरोबरच वाटलं असावं.

आता गुरुजी केंद्रप्रमुख झाले होते. आसपासच्या सगळ्या शाळा त्यांच्या हाताखाली, आणि निवृत्ती जवळ आलेली. जाता जाता काहीतरी करून जावं म्हणून त्यांनी सहावी ते आठवीच्या हुशार पोरांसाठी एक वर्ग काढला. शनिवारी शाळा सुटल्यावर भरायचा. पुस्तक नाही, परीक्षा नाही. पोरांनी आपल्या भोवतालचा एक प्रश्न घ्यायचा आणि उत्तर सापडेपर्यंत तोच धरून बसायचं. वर्ग चालवायला त्यांनी विकासला बोलावलं. "तुझ्याशिवाय कोणाला जमणार, लेका," असं म्हणाले, आणि त्या एका वाक्यावर विकास कितीतरी दिवस चालत होता.

पोरं निवडताना त्यानं गुणपत्रिका पाहिल्याच नाहीत. टेबलावर पाण्यानं भरलेली बादली ठेवली, शेजारी रबरी नळी ठेवली आणि सांगितलं, बादलीला हात न लावता रिकामी करा. बहुतेक पोरं ओंजळी भरायला धावली. तांड्यातल्या निलमनं नळीचं एक टोक पाण्यात बुडवलं, दुसरं ओठात धरून ओढलं, तोंडात पाणी आलं तशी ते टोक खाली सोडून दिलं आणि बाजूला जाऊन उभी राहिली. बादली आपोआप रिकामी होत राहिली. घरी डिझेल काढताना बापाला बघितलं होतं, म्हणाली. फाट्यावर आरसे-काचांचं दुकान असलेल्या अजीजभाईंचा अदनान तिच्याकडे बघतच राहिला आणि मग त्यानं विचारलं की पाणी आधी वर चढतं, मग खाली येतं, तर त्याला वर चढायला कोण सांगतं. विकासनं दोघांचीही नावं घेतली. एक करून दाखवणारी, एक विचारणारा. बाकीची पाच-सहा पोरं अशीच मिळाली.

प्रश्न निलमनं आणला. सातवीतली पोर, पण विचारायची ते एखाद्या म्हातारीसारखं कमरेवर हात ठेवून.

"सर, धरण आमच्या खालच्या अंगाला हाय. मंग पाऊस आला की पाणी खाली जायाचं सोडून आमच्या घरात काहून घुसतं?"

त्या प्रश्नानं सगळा हिवाळा खाल्ला. गवंडी लोक वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन पोरं तांडाभर फिरली. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला राहतं, त्यावरून कुठली जागा किती वर आणि किती खाली हे मोजता येतं, एवढं विकासनं एकदा दाखवलं. पुढचं सगळं त्यांनी केलं. एका प्लायवूडच्या फळीवर पूर्णेकाठची चिकणमाती थापून त्यांनी तांड्याचा उतार तसाच्या तसा उभा केला. घरं मातीची, पत्रे सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीचे. धरणाच्या जागी अदनाननं बापाच्या दुकानातला आरशाचा तुकडा बसवला. तो तुकडा बसला आणि तांडा जिवंत झाला. घरांची उलटी प्रतिबिंबं त्या पाण्यात दिसू लागली. तांड्यातल्या बाया शाळेच्या खिडकीतून डोकावून आपापलं घर शोधायच्या आणि शेजारणीला दाखवायच्या.

गुरुजी एकदा बघायला आले. खुर्ची आणली तर बसले नाहीत, पोरांच्या घोळक्यात मांडी घालून बसले. बराच वेळ मॉडेल बघून म्हणाले की उतार झकास आहे, पण पाणी केव्हापासून अडायला लागलं ते यात कुठं दिसतं? घरांना रंग द्या. सगळ्यात जुनी हिरवी, मधली पिवळी, नवी लाल. म्हणजे तांडा कसा वाढत गेला आणि पाण्याची वाट कशी बुजत गेली, हे आंधळ्यालाही दिसेल. अदनाननं विचारलं, लाल कुठून धरायचं? गुरुजींनी सहज सांगावं तसं एक साल सांगितलं.

विकासला वाटलं, याला म्हणतात मास्तर. आपण महिनोन् महिने यात बुडालोय आणि ही एक गोष्ट आपल्याला सुचली नाही.

मग पोरं दारोदार फिरली. काकी, तुमचं घर कोणत्या साली झालं? काही बायांनी आधी विकासकडे बघितलं. कागदावर लिहून कशाला नेतात, कोणाला दाखवतात, अशी शंका तांड्याला असतेच. विकास प्रत्येक दारात तेच सांगायचा, "शाळेसाठी काकी. फक्त शाळेसाठी." तो हिरासिंगचा पोरगा होता. बायांनी भराभर सांगितलं. कोणी मुलाच्या जन्मावरून, कोणी मोठा पूर आला त्यावरून. निलमनं आपल्या आईला, पारुबाईला, विचारलं आणि आपलं घर स्वतःच्या हातानं लाल रंगवलं.

शेवटी उत्तर सापडलं. वरून येणाऱ्या ओघळीच्या वाटेत काही घरं, जास्त करून लालच, आडवी बसली होती आणि पाणी त्यांना वळसा घालून घरात शिरत होतं. उपाय पोरांनीच काढला. त्या घरांच्या पाठीमागून जमिनीखाली सिमेंटचा एक पाइप घातला की पाणी सरळ धरणात जाईल. एकही घर हलवायला नको. मॉडेलमध्ये त्यांनी सलाइनची नळी पुरली होती आणि वरून तांब्यानं पाणी ओतून दाखवायचे. पाणी आरशावर जाऊन पसरायचं.

हिंगोलीच्या जिल्हा प्रदर्शनात पहिला नंबर आला. पाणी ओतायला निलम उभी होती, माहिती सांगायला अदनान. राज्याच्या प्रदर्शनासाठी निवड झाली, आणि तिथं जाणाऱ्या पोरांतून मोठ्या शहरातल्या एका निवासी शाळेत आठवीला मुलं घेणार होते. गुरुजींनी निलमच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं की तुझी जागा पक्की धर. मॉडेल मात्र ते आपल्या कार्यालयात घेऊन गेले. शाळेचं छत गळतं, राज्याला जाईपर्यंत जपून राहील, म्हणाले.

मग एका सकाळी तांड्यातल्या दारांवर नोटिसा चिकटल्या. जागा सरकारी गायरानाची आहे, घर अतिक्रमणात येतं, सुनावणीला हजर राहा. तांडा गायरानावर आहे हे सगळ्यांना माहीत होतं, पण आजवर कोणी विचारलं नव्हतं. आता विचारलं होतं आणि तेही सगळ्यांना नाही.

तांड्याचा प्रमुख लालसिंग नायक, त्यानं विकासला बोलावून घेतलं. खाटेवर बसवलं, चहा दिला, आणि चहा संपल्यावर विचारलं.

"विकास, टेप घेऊन कोणी आलं न्हाई. तलाठी आला न्हाई. मंग पारूचं घर नवं अन् त्याला लागून तिच्या सासूचं घर जुनं, हे साहेबाला सपनात दिसलं का?"

विकासनं तांड्यातून एक फेरी मारली. नोटीस कोणकोणत्या दारावर आहे हे बघत गेला आणि अर्ध्या वाटेतच थांबला. पुढचं दार कोणतं असेल हे त्याला आधीच कळत होतं. मॉडेलमधली लाल घरं तेवढी निवडलेली होती.

तो तसाच गुरुजींच्या घरी गेला. रुख्मिणीबाईंनी नेहमीसारखा आधी पाण्याचा तांब्या पुढं केला. गुरुजी सगळं ऐकून फार अस्वस्थ झाल्यासारखे दिसले. प्रदर्शनात शेकडो माणसं येतात, कोणी फोटो काढला असेल, मी बघतो, म्हणाले. मॉडेल कुठं आहे विचारल्यावर राज्याच्या प्रदर्शनासाठी पॅकिंगला गेलंय, असं सांगितलं. आणि वर काळजीनं बजावलं, "सुनावणीला तू जाऊ नको. तू सरकारी नोकर. तांड्याची बाजू घेऊन उभा राहिलास तर नोकरीवर येईल. तिथं काय करायचं ते माझ्यावर सोड."

अंगणात नवा कोरा फलक भिंतीला टेकवून ठेवला होता. त्यावर निळं पाणी आणि लाल बोट. ओमप्रकाश त्याच्या कडा पुसत बसला होता. धरणावर बोटी टाकतोय, हॉटेल काढतोय, सरपंचाबरोबर भागीदारी आहे, म्हणाला. आणि हसून, "तू येतो का वल्हवायला? लहानपणी लई पोहायचास." विकासही हसला. गाडीवर बसून तांड्याकडे येताना त्याला हलकं वाटत होतं. गुरुजी बघतो म्हणाले होते.

त्याच संध्याकाळी पारुबाईनं त्याला वाटेत गाठलं. ती शेतातून येत होती, डोक्यावर सरपण होतं, ते तिनं खाली टाकलं.

"काय रं सर, माझं घर नवं हाय म्हणून कोणी सांगितलं त्यांला?"

निलम मागून आली होती. तिनंच सांगितलं, "मीच सांगितलं. तूच मला साल सांगितलं होतं, याडी." तांड्यात आईला याडी म्हणतात.

पारुबाई आधी लेकीकडे बघत राहिली आणि मग तिला हसू आलं. रागानं येतं तसलं हसू.

"येडे, ते तर चुलीचं साल. भिंती तुझ्या बापाच्या लग्नातल्या हायत."

तांड्यात हे असंच आहे, आणि विकास तांड्यातला असून त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. लग्न झालेल्या मुलाला बाप लागून खोली बांधून देतो. नवराबायको तिथं राहतात, लेकरं तिथंच होतात, पण स्वयंपाक सासूच्या चुलीवर. तोवर त्या खोलीला कोणी घर म्हणत नाही. सासू आपल्या हातानं निखारे नेऊन सुनेची चूल पेटवते, त्या दिवशी घर झालं. काहींच्या वाट्याला ते लवकर येतं, काहींना पंधरा-वीस वर्षं वाट बघावी लागते. पोरांनी दारात उभं राहून विचारलं होतं, तुमचं घर केव्हा झालं? बायांनी अभिमानानं खरं उत्तर दिलं होतं. लाल रंगवलेल्या घरांत अशी चूल उशिरा पेटलेलीच बहुतेक.

निलमचा चेहरा उतरला. घर जाईल याची भीती तिला त्या क्षणी वाटली नाही. ती म्हणाली, "सर, मंग मॉडेल चुकलं की."

सुनावणीला विकास गेला. गुरुजींनी नको सांगितलं होतं म्हणून रात्रभर त्याचं मन हो-नाही करत राहिलं. पण चूक झाली आहे हे कळल्यावर घरी बसवेना. आपण चूक सांगितली तर गुरुजींनाच मदत होईल, तेही तर आपलीच बाजू मांडणार आहेत, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. तालुक्याच्या कचेरीत लालसिंग, नोटिसा आलेली माणसं आणि पारुबाईबरोबर निलम, असे सगळे आधीच भिंतीला टेकून बसले होते.

आत लांबट टेबलावर मॉडेल ठेवलेलं होतं.

पॅकिंगला गेलेलं नव्हतं, राज्याला निघालेलं नव्हतं. आरशाच्या पाण्यावर कोणीतरी चहाचा कप ठेवला होता. लाल घरांवर एकेक टाचणी टोचली होती. टेबलाच्या पलीकडे सुनावणी घेणाऱ्या साहेबबाई, शेजारी गावचे सरपंच आणि त्यांच्या शेजारी, हातात वर्गात वापरायची ती जुनी लाकडी छडी घेऊन, व्यंकटराव गुरुजी उभे होते. ते समजावून सांगत होते. तोच आवाज, तोच ठेहराव, शेवटच्या बाकावरच्याला कळेपर्यंत न थकणारा. पाण्याची नैसर्गिक वाट इथून आहे, या नव्या घरांनी ती अडवली आहे, ही काढली की तांड्याचाच फायदा. मातीत पुरलेल्या पाइपचं नाव त्यांनी काढलं नाही.

बाईंनी विचारलं, ही माहिती कितपत भरवशाची? मुलांचा खेळ आहे शेवटी.

गुरुजींनी दारात उभ्या असलेल्या विकासला बघितलं होतं. एक क्षण त्यांची छडी हवेत थांबली. मग ते म्हणाले, "मॅडम, ज्या शिक्षकानं हे करून घेतलं तो याच तांड्यातला आहे. त्यानं घरोघर विचारून केलंय. तांड्याचंच पोरगं तांड्याबद्दल खोटं कशाला सांगेल?"

कारकुनानं मग नियम वाचून दाखवला. अमुक सालाच्या आधीपासून असलेली घरं कायम करता येतात, त्यानंतरची हटवावी लागतात. ते साल ऐकलं आणि विकासला अदनानचा प्रश्न आठवला, लाल कुठून धरायचं? पोरांच्या घोळक्यात मांडी घालून बसलेल्या माणसानं सहज सांगितलेलं साल तेच होतं.

नोटीस आली तेव्हा त्याला भीती वाटली होती. आता ती भीतीही गेली. फडातल्या कोपीपासूनचं सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं. धुळीनं भरलेलं धोतर. शेजारची दोन ताटं. तुझ्याशिवाय कोणाला जमणार, लेका.

त्यानं पुढं होऊन नाव सांगितलं आणि मॉडेल चुकलंय, असं म्हणाला. चुलीची रीत सांगितली. प्रश्न विचारण्यात माझी चूक झाली, मुलांची नाही, हे दोनदा सांगितलं.

गुरुजी शांत होते. "चुकलंय? मग पहिलं बक्षीस कशाचं घेतलंस? चुकीचं मॉडेल म्हणून लिहून देतोस का आत्ता? दे. म्हणजे राज्यालाही जायला नको आणि त्या पोरीच्या शाळेचंही मिटलं."

विकासनं निलमकडे बघितलं. तिला शाळेचं सगळं माहीत होतं. तिनं नकाशात ते शहर शोधून ठेवलं होतं. तिनं त्याच्याकडे बघितलं नाही, पायाच्या अंगठ्यानं फरशीची भेग कोरत राहिली. आणि मग मान हलवली. एकदाच, पण स्पष्ट.

"देतो," विकास म्हणाला.

बाईंनी कप उचलून बाजूला ठेवला. त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांना पुढ्यात ठेवलेलं दिसत होतं आणि त्यावर त्यांचा विश्वास बसला होता. त्यांनी विचारलं की तोंडी सांगण्यावरून मी हे खरं कसं धरू? चूल कधीची, भिंत कधीची, याला पुरावा काय? माणसं एकमेकांकडे बघायला लागली. कोणाकडे काही नव्हतं. तेव्हा भिंतीकडून बारीक आवाज आला.

"भिंत खरवडून बघा."

सगळ्यांनी मागं वळून बघितलं तशी निलम उभी राहिली आणि एकदम कमरेवर हात ठेवून बोलायला लागली. दर दसऱ्याला घर पोतारतात, म्हणजे भिंतीला माती, शेण, चुन्याचा हात देतात. जुना पोतारा कोणी काढत नाही, त्याच्यावरच नवा बसतो. घर जितकं जुनं तितके थर. घरात चूल असो का नसो, पोतारा होतोच. कोपऱ्यात सुरीनं कापलं तर कांद्यासारखं दिसेल, सर. तिनं बाईंनाही सरच म्हटलं.

लालसिंग नायक गालातल्या गालात हसला. बाईंनी जागेवर येऊन पंचनामा करायचं ठरवलं आणि तोवर नोटिसा थांबवल्या.

बाहेर कचेरीच्या कंपाउंडला लागून चहाची गाडी होती. गुरुजी तिथं उभे होते, जणू काही झालंच नाही असे दोन चहा सांगून. विकास पुढं गेला. त्याला ओरडायचं होतं, पण बालपणापासून ज्या माणसापुढं आवाज चढवला नाही त्याच्यापुढं तो आत्ताही चढेना.

"रंग तुम्हीच सुचवला होता, गुरुजी."

"हो." त्यांनी एक कप त्याच्यापुढं केला. "ओम्याचं काहीच जमेना रे. हॉटेलला धरणाकडची तेवढी जागा लागत होती. तुझं मी लावून दिलं. त्याचं कोण लावणार? घरं काही लगेच पडत नसतात, दुसरीकडे जागा मिळतात. तांड्याला मी उपाशी मारत नव्हतो."

"मला विचारलं असतं."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास."

ते खरं होतं. गुरुजींनी मग जे म्हटलं ते त्याच्या कायमचं लक्षात राहिलं. "फडातून तुला मी आणलं, विकास. नसतं आणलं तर आज कोयता हातात असता. एवढी एक गोष्ट..." पुढचं त्यांनी सोडून दिलं. विकासनं चहा घेतला नाही. कप गाडीवर तसाच राहिला आणि त्यावर साय धरली.

पंचनाम्याच्या दिवशी बाई आल्या, तलाठी आला. पारुबाईनं स्वतः विळा दिला. निलमनं कोपऱ्यातली भिंत तिरपी कापली आणि पांढरा, राखी, शेणाचा हिरवट, पुन्हा पांढरा, असे थरावर थर उघडे पडले. बाई वाकून बघत राहिल्या, मग त्यांनी मोबाइलमध्ये फोटो घेतला. एकेक लाल घर असं कापत गेले. जवळजवळ सगळी जुनी निघाली.

एकच निघालं नाही. लालसिंग नायकाच्या धाकट्या मुलाचं. त्याच्या भिंतीला दोन-तीन पापुद्रेच होते. विळा लगेच विटेला लागला. निलम हातात विळा घेऊन तशीच उभी राहिली. तिला वाटत होतं आता कोणीतरी काहीतरी म्हणेल. लालसिंग म्हणाला, "खरं ते खरं," आणि आत निघून गेला. त्या घराची नोटीस कायम राहिली. पुढच्या आठवड्यात बापलेकांनी मिळून पत्रे स्वतःच उतरवले. विकास हात लावायला गेला तेव्हा त्याला कोणी अडवलं नाही, पण शिडी धर असंही कोणी म्हटलं नाही. नायक अजून त्याला राम राम घालतो. खाटेवर बस म्हणत नाही.

मॉडेल कचेरीतच राहिलं. राज्याच्या प्रदर्शनाला दुसऱ्या तालुक्यातलं हवेवर चालणारं यंत्र गेलं. निलम आठवीला याच शाळेत बसते.

शनिवारचा वर्ग विकासनं बंद केला नाही. पहिल्या शनिवारी निलम आणि अदनान असे दोघेच आले. पाइपचा अर्ज ग्रामपंचायतीत द्यायचा, त्यासाठी पुन्हा मोजमाप करायचं, असं त्यांनी ठरवून आणलं होतं. नळीत पाणी भरून तिघं निघाले. पहिल्याच दारातल्या म्हातारीनं विचारलं, "हे कोणाला दाखवणार?" विकासचं जुनं उत्तर तोंडापर्यंत आलं आणि तिथंच थांबलं. त्यानं ग्रामपंचायतीचं नाव सांगितलं, अर्ज कोण लिहिणार ते सांगितलं, वाचून दाखवल्याशिवाय देणार नाही असं सांगितलं. म्हातारीनं ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दारातही तसंच झालं. पारुबाईनं तेवढं नळीचं टोक धरू दिलं.

ती भिंतीचा कापलेला कोपरा बुजवत होती. ओल्या मातीचा गोळा थापत होती, तेवढ्यात विकासचा फोन वाजला. गुरुजींचा होता. कचेरीनंतर पहिलाच.

त्यांनी तब्येत विचारली, हिरासिंगची विचारली. मग म्हणाले की महिनाअखेर निरोप समारंभ ठेवलाय, सगळं केंद्र येणार आहे. दोन शब्द तू बोलावंस असं सगळ्यांना वाटतं. त्या फडातल्या दिवसाचं बोल, लोकांना आवडतं ते.

पलीकडून ‘चुकलं’ एवढा एक शब्द येईल का, याची विकास वाट बघत होता. आला असता तर कदाचित गेलाही असता. अदनान नळीचं दुसरं टोक धरून लांब उभा होता आणि पाणी स्थिर व्हायची वाट बघत होता.

"गुरुजी, त्या दिवसाचं बोलेन. पण मग पुढचंही बोलावं लागेल."

पलीकडे रुख्मिणीबाईंचा आवाज येत होता, कोणाला तरी जेवायला बोलावत होत्या. मग गुरुजी म्हणाले, "तर मग नको येऊ," आणि फोन ठेवला.

पारुबाईनं शेवटचा गोळा थापला, हात फिरवला, आणि ओल्या जागेकडे बोट करून म्हणाली की दसऱ्यापर्यंत हे असंच दिसत राहणार, मग पोताऱ्यात जाईल. विकास मान हलवून नळीकडे वळला. दोन्ही टोकांचं पाणी थांबलं होतं. निलमनं त्याच्या हातातून खडू घेतला आणि भिंतीवर खूण केली.